सोजरचा टाक

माझ्या आबांना माणसं लक्षात राहत नसत, दागिने राहत. सख्ख्या साडूला भर बाजारात ओळख दिली नाही म्हणून वर्षभर रुसवाफुगवा चालला होता. पण वीस वर्षांपूर्वी हातून गेलेली गळ्यातली एखादी हासळी परत समोर आली, की "ही रावेरकडची. डावीकडे वाकली बघ, मालकीण डाव्या कडेवर पोर घ्यायची आणि पोर ओढायचं," असं एका दमात सांगत. मला या गोष्टीचा भारी अभिमान होता. आता आठवलं की डोकं तापतं.

बुरहानपूर हे जरीचं गाव. जरीला तार लागते, तारेला चांदी, आणि ती चांदी यायची लोकांच्या अंगावरून. निमाड, खानदेश, वऱ्हाड, सगळीकडची मोड, म्हणजे मोडीत काढलेले दागिने, पोत्यांनी आमच्या गल्लीत यायची, आमच्या भट्टीत वितळायची आणि लगडी होऊन तार ओढणाऱ्यांकडे जायची. भिकनशेठ, म्हणजे माझे आबा, या कामातली तिसरी पिढी. आजोबांनी घराला एक नेम घालून दिला होता. दर पोत्यातून एक वस्तू वाचवायची. तिच्या वजनाची आपल्या घरची चांदी मुशीत, म्हणजे गाळायच्या भांड्यात, टाकायची आणि ती वस्तू पेटीत ठेवायची. सागाची ती पेटी माझ्या कमरेइतकी उंच होती. माशाच्या आकाराची सुरमादाणी, मान तुटलेली गुलाबदाणी, झाकणावर मोर बसलेला पानाचा डबा, कोणा कुठल्या बाळाचे वाळे. आई वैतागून म्हणायची, "लोकाइची मढी आपल्या घरात!" आणि आबा हसायचे.

भावांना त्या पेटीत रस नव्हता. मला होता. दुपारी भट्टी थंड झाली की आबा एकेक वस्तू माझ्या तळहातावर ठेवत. "नक्षी नंतर बघ," म्हणत. "आधी झीज बघ. नक्षी कारागिराची, झीज मालकिणीची." कुठली कडी आतून झिजली, कुठली बाहेरून, कुठे झाळून जोडलं, कुठे लेकराचे दात उमटले, हे मला वाचता यायचं. लिहिणं-वाचणं मात्र कोणी शिकवलं नाही.

मी नऊ वर्षांची असताना एकदा मुशीत एक कमरपट्टा वितळत होता. त्याच्या फाशावर दोन पोपट होते. "बघ, बघ रंभे, चालले पोपट!" आबा ओरडले. मी वाकले, मूस तडकली आणि चांदीचा थेंब गालावर आला. डाग रुपयाएवढा राहिला. पुढे चार स्थळं त्या डागावरून परत गेली आणि बघता बघता मी एकोणीस वर्षांची झाले. आमच्या जातीत एकोणिसाव्या वर्षी बिनलग्नाची मुलगी म्हणजे बापाच्या गळ्यातली धोंड, आणि लोक तसं तोंडावर म्हणत.

मग मोतीलालचं स्थळ आलं. नवऱ्याचं नाव बायका घेत नाहीत. मी घेते, कोणाला काय म्हणायचं ते म्हणो. तो जरीचा माल घेऊन पार हैदराबादेपर्यंत जायचा आणि बोलायला गुळासारखा गोड होता. त्याची पहिली बायको सोजर प्लेगाच्या साली माहेरी शाहपूरला गेली आणि तिकडेच वारली, असं सांगण्यात आलं. त्या साली कोण कुठे गेलं याचा पत्ता कोणालाच नव्हता. लोक गाव सोडून शेतांत झोपड्या घालून राहत होते. आबांनी सोयरिकीत एकच अट घातली. बिजवर चालेल, पण जित्या सवतीवर मुलगी देणार नाही.

आमच्याकडे पहिली मेलेली असली, की दुसरीच्या गळ्यात तिचा टाक घालतात. चांदीचा दोन बोटं पत्रा, त्यावर उठवलेली बाई. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. पहिला घास टाकाला दाखवायचा. म्हणजे मेलेली रागावत नाही, दुसरीचा संसार नीट चालू देते. सोनार टाक घडवताना गेलेलीचं नाव आणि तिथी विचारून घेतो. जित्या माणसाचा टाक मात्र घडवत नाहीत. घडवला तर ते माणूस वर्षाच्या आत जातं, आणि घडवून घेणाऱ्याचंही बरं होत नाही. हे सगळे मानतात. देवाला न मानणारेही मानतात.

लग्नात सासूने, गोदाबाईंनी, माझ्या गळ्यात सोजरचा टाक घातला. मी तोंडावर पदर ओढून खाली मान घालून बसले होते, मला तो दिसला नाही. मांडवातून उठताच त्यांनी तो लाल खणाच्या तुकड्यात शिवून टाकला. "उघडा राह्यला तर सवत पाहते," म्हणाल्या. "फाडू नको, सांगून ठेवते." मी फाडला नाही. जुनी वस्तू गळ्यात असून पाहायची नाही, म्हणजे माझ्यासारखीला केवढी शिक्षा! पण भीती मोठी होती.

टाकाबरोबर सोजरचे चांदीचे गोठही माझ्या हातात आले. ते तेवढे मी डोळे भरून पाहिले. डाव्या हातातला गोठ खालून पार सपाट झाला होता, उजवा जवळजवळ कोरा. बाई डावखुरी होती तर. जात्यावर, पाट्यावर, सगळीकडे डावा हात. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिचा हात मला ठाऊक झाला होता.

आणि मी तिचा द्वेष करायचे. लग्नानंतर दीड वर्षाने मला सातव्या महिन्यात मुलगा झाला आणि तो रडलाही नाही. गोदाबाई म्हणाल्या, "सोजरनं नेला." मी ते खरं धरलं. रोज पहिला घास तिला दाखवायचा आणि मनातल्या मनात तिला शिव्या घालायच्या, हा माझा नित्यनेम झाला. घरात पाय ठरायचा नाही, दारात उभं राहवायचं नाही. एकच भांडं तीनदा घासायचे.

त्या वर्षी आश्विनात तापीचा पूर ओसरला आणि नेहमीप्रमाणे लोक राजघाटावर रेती धुवायला बसले. पूर किल्ल्याखालची माती उकरतो, आणि तिच्यात कधी जुनं नाणं, कधी कानातलं, कधी मणी सापडतो. मोतीलाल हैदराबादेला होता. मी अंघोळीचं निमित्त करून घाटावर गेले आणि कौतिकबाईच्या काठवटीशी जाऊन बसले. तिच्या घरात तीन पिढ्या हेच काम. मी वाकून रेती चाळवत होते, तेवढ्यात गळ्यातला दोरा तुटला आणि टाक काठवटीत पडला. खण घामाने कुजलाच होता. मी घाबरून रेती उपसायला लागले, आणि माझ्या आधी तो कौतिकबाईच्या हाताला लागला, उघडा.

"लागलं व माय, लागलं!" ती ओरडली. "पुराना माल हाये!"

"बाई, तो माझा टाक आहे."

"तुझा कायचा? तुझ्या सवतीले मरून चार वर्षं झाली. हा पाह्य ना, शंभर वर्षांचा तरी असंन."

मी तो तळहातावर घेतला. नाक झिजून सपाट झालं होतं. कुंकू लावणाऱ्या बोटांनी चेहरा पार पुसला होता, आणि असा चेहरा पुसायला तीन-चार बायकांचे जन्म जावे लागतात. कडी दोनदा नवी जोडलेली, दोन वेगवेगळ्या हातांनी. टाकावरच्या बाईचं नेसणं आमच्या आजीच्याही आधीचं. ही सोजर नव्हती. ही कोणीतरी दुसरीच, फार जुनी बाई होती, आणि तीन वर्षं मी तिला सोजर समजून जेवू घालत होते.

घाटावरून घरापर्यंत मी स्वतःला समजावत आले, की कंजूषपणा असेल. नवा घडवण्यापेक्षा मोडीतला घेतला असेल. पण टाक घडवायला असं काय लागतं? वाण्याकडच्या सव्वा शेर तुपापेक्षा तो स्वस्त. मेलेल्या बायकोचा नवा टाक न घडवता चोरून जुना आणायचा, तो शिवून झाकायचा, याला कारण एकच असू शकत होतं. मोतीलाल माझ्या बापाशी खोटं बोलायला भ्याला नाही, पण जित्या बाईचा टाक घडवायला भ्याला.

टाक पुन्हा लाल खणात शिवून गळ्यात अडकवला आणि दोन दिवस मी काढले. भाकरी करपल्या, गोदाबाई ओरडल्या, मला काही ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी "इच्छादेवीला जाऊन येते, मुलाचा नवस करते," म्हणून इच्छापूरच्या गाडीत बसले आणि वाटेत शाहपूरला उतरले.

फार विचारावं लागलं नाही. गावाच्या टोकाला एका अंगणात कापूस पसरला होता आणि एक बाई खाली बसून बोंडातून कापूस ओढत होती. डाव्या हाताने. सोजर असेल हे मला कळलं होतं, पण ती बसलेली असेल, घाम पुसत असेल, तिच्या केसांत कापसाचं कवच अडकलं असेल, हे मी मनात धरलंच नव्हतं.

तिने वर पाहिलं. आधी माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे.

"ते गोठ माह्या मायचे आहे," ती म्हणाली.

मी तिथेच बसले आणि ती कोण, मी कोण, सगळं सांगून टाकलं. तिला नवल वाटलं नाही. ती कापूस ओढत राहिली आणि बोलत राहिली. सात वर्षांत मूल झालं नाही. प्लेग आला तेव्हा मोतीलाल म्हणाला, माहेरी जा, नंतर बोलावतो. अंगावरची चांदी ठेवून घेतली, वाटेत चोर आहेत म्हणून. बोलावणं आलंच नाही. सहा महिन्यांनी बातमी आली, की बुरहानपुरात ती मेली असं सांगून ठेवलंय.

"भाऊ भांडाले निघाला होता," सोजर म्हणाली. "मी म्हटलं, राहू दे. त्या घरात जिती असून तरी काय केलं होतं मी! पण एक सांगू का व? एकदा बाजारात तुमच्या गल्लीतली बाई दिसली. मी हाक मारली, तं टोपली टाकून पळाली. भूत समजली मले. तवापासून मी बुरहानपूरले पाय नाही देत."

मी खण उसवून टाक तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि हसली. "ही मी का? बरी दिसते."

मग मी ते बोलले, जे बोलायला मी गेलेच नव्हते. म्हटलं, "माझं पोर गेलं. ते तू नेलंस, असं मी दीड वर्ष म्हणत आले. रोज शिव्या घातल्या तुला."

तिचा हात थांबला. "मी कायले नेऊ व तुझं लेकरू?" ती हळूच म्हणाली. "मले तं तू आहेस, हेच माहीत नव्हतं."

मी रडले. तिने मला रडू दिलं, मग आत जाऊन भाकर आणि मिरचीचा ठेचा आणला. जेवताना मी गोठ उतरवून तिच्यासमोर ठेवले. तिने डावा डाव्यात, उजवा उजव्यात घातला, एकदा हात हलवून पाहिला, आणि आभार वगैरे मानले नाहीत. कशाला मानेल? तिचेच होते.

निघताना तिने माझा पदर धरला. "मले त्या घरात याचं नाही," ती म्हणाली. "नवरा नको, काही नको. बस, एवढं कर. बुरहानपुरात चार माणसांत सांग, का सोजर जिती आहे."

एवढंच. पण सांगणार कोण? माझ्यासारख्या बाईचं कोण ऐकतं! म्हणतील, मुलाच्या दुःखाने डोकं फिरलं, शाहपूरला जाऊन भुताशी बोलून आली. जातीत शब्द चालायचा तो भिकनशेठचा. मी गाडीत मनाशी सगळं जुळवत आले. आबा टाक हातात घेतील, एका नजरेत ओळखतील, त्यांचं रक्त उसळेल. आपल्याला फसवलं, म्हणतील. पागोटं घालून तडक पंचांकडे जातील. मला गाडी हळू वाटत होती, बैल मेलेले वाटत होते.

दिवस बुडायच्या आत मी माहेरी पोचले. भट्टी चालू होती. आबा एकटेच मुशीजवळ बसले होते.

"आबा, आपल्याला फसवलं," मी उंबऱ्यातूनच म्हटलं. "हा टाक सोजरचा नाही. बघा तुम्हीच."

मी टाक पुढे केला. आबांचा हात पुढे आला नाही.

माझ्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं. जेवताना कोणी वस्तू दाखवली, तर उष्टा हात धोतराला पुसून ते घेत. आजीच्या अंत्यविधीला आलेल्या माणसाच्या बोटातली अंगठी त्यांनी मागून पाहिली होती. तेच आबा माझ्या हातातल्या टाकाकडे पाहतसुद्धा नव्हते.

"माळव्याचं काम आहे ते," आबा भट्टीकडे बघत म्हणाले. "दीडशे वर्षांचं."

मला कळलं. तरी मी विचारलं, कारण तोंडून ऐकल्याशिवाय माझं मन मानणार नव्हतं. "तुम्हाला कधी समजलं?"

"आपल्याच पेटीतला आहे. मेलेल्याइच्या वस्तू मी कुवार पोरीले दाखवत नव्हतो, खाली पुडीत राहत. तुह्या लग्नासाठी चार वस्तू सराफ्यात देल्या, त्यात हा गेला." त्यांनी चिमट्याने निखारे सारखे केले. "सासूनं मांडवात तुह्या गळ्यात घातला, तवा पाह्यला."

"आणि काय समजलात?"

"सगळं समजलो."

"मग?"

"वऱ्हाड बसलं होतं, बाई. तुले एकोणीस सरत होतं. गालावर हा..." त्यांनी माझ्या डागाकडे बोट केलं आणि बोट लगेच मागे घेतलं. "मी म्हटलं, नांदेल पोरगी. सवत काही त्या घरात नाही. कोणाचं काय बिघडलं?"

"आता पंचांसमोर चला. एवढंच सांगा, की सोजर जिवंत आहे."

आबांनी मान हलवली. "मले माहीत होतं, असं सांगू? सराफ्यातल्या पेढ्यांवर तोंड कसं दाखवू मी?"

मी समोरची रिकामी मूस घेतली, त्यात टाक टाकला आणि चिमट्याने मूस निखाऱ्यांत बसवली. मग भात्याशी बसले.

तेव्हा मात्र आबा उठले. उठले म्हणजे काय, धडपडत आले. "थांब! रंभे, थांब! काय करू राह्यली तू? टाक गाळत नाही, तापीत सोडता! असं काम आता होत नाही व. तो हात गेला, ते कारागीर गेले. शंभर पोते चाळले तरी असा नाही सापडणार. थांब, मी तुह्या पाया पडतो!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं.

भर मांडवात, पाचशे माणसांत, यातला एक शब्द पुरला असता. एकदा "थांब" म्हणाले असते तर मी आयुष्यभर बिनलग्नाची त्या पेटीजवळ बसले असते आणि खुशीत बसले असते. माझ्यासाठी न उघडलेलं ते तोंड दोन बोटं पत्र्यासाठी उघडलं होतं.

खोटं कशाला बोलू, मलाही तो गाळवत नव्हता. मी त्यांचीच मुलगी. त्या झिजल्या चेहऱ्याच्या बाईचं नाव काय होतं, किती जणींनी तिला जपलं, कोणाला माहीत! मी मनात तिची माफी मागितली, आबांचे हात सोडवले आणि भाता ओढला. आधी कडी गेली, मग पदर, मग तोंड. आबा भिंतीकडे वळून बसले.

दिवेलागणीला मी घरी पोचले तेव्हा गोदाबाई ओट्यावर शेजारणींबरोबर वाती वळत बसल्या होत्या. चौघी-पाचजणी होत्या. माझ्या मोकळ्या गळ्याकडे आधी त्यांचंच लक्ष गेलं, आणि त्या घाबरून सगळ्यांसमोर बोलून गेल्या.

"अवो, टाक कुठी टाकला सोजरचा?"

"गाळला, आत्याबाई," मी म्हटलं, आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं. "जित्या बाईचा टाक घालत नाहीत. सोजर शाहपूरला आहे. दुपारी मी तिच्या हातची भाकर खाऊन आले."